मसाईच्या चिखलात काकडी

अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची भेळ, तांबडा-पांढरा, सगळं यथासांग झालं. त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला लिहायचंय ते काकडीबद्दल.

पन्हाळ्याहून मसाई पठाराकडे जाणारी २१ किलोमीटरची पावसाळी शर्यत होती. मला टाइप १ मधुमेह आहे. इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, आणि धावताना स्नायू साखर ओढायला लागले तरी एकदा टोचलेलं इन्सुलिन काही परत काढता येत नाही. म्हणून सकाळचा डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी केलेला, दंडावर साखर मोजून फोनवर आकडा दाखवणारा सेन्सर, कमरेच्या पट्ट्यात ग्लुकोजच्या गोळ्या. निघताना साखर १६८. झकास.

जांभ्याचा तो तांबडा चिखल मात्र बूट सोडायलाच तयार नव्हता. उतारावर तर लोक सरळ बसून घसरत होते. १६६० साली शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भर पावसात, रात्रीच्या अंधारात याच बाजूने निसटले. आम्हाला दिवसाढवळ्या, महागाच्या बुटांत झेपेना. ‘हर हर महादेव’ म्हणत पुढे गेलेले दोघं पुढच्याच वळणावर आडवे दिसले.

साखर उतरली की माझी लक्षणं ठरलेली: घाम, हात कापणं, ओठांना मुंग्या आणि समोरच्याचा विनाकारण राग. पण पावसात घाम कुठला नि पाणी कुठलं? थंडीने हात सगळ्यांचेच कापत होते, आणि रागाला चिखल पुरेसा होता. पठारावर ओठांना मुंग्या आल्या तेव्हा कुठे शंका आली. ओल्या बोटाला फोन दाद देईना. बनियनच्या कोरड्या कडेला बोट पुसून पाहिलं तर ७४, आणि बाण खाली. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. म्हणजे खरा आकडा ७० च्या खाली, धोक्याच्या हद्दीत गेला असणार. गोळ्या चढावरच संपल्या होत्या.

नशिबाने पुढेच ताडपत्रीखाली टेबल होतं. केळी, चिक्की, लिंबू सरबत.

“दादा, मला शुगरचा त्रास आहे, पटकन सरबत द्या.”

“शुगर हाय? मग सरबत नगं ताई. ही काकडी घ्या. मीठ लावून देऊ?”

“अहो, कमी झालीय!”

“कमी झालीया न्हवं? मग चांगलंच की!”

पोरगा मनापासून काळजी करत होता, म्हणून तर जास्त चीड आली. समजावायला शब्द जुळेनात. मागे पाटावर बसलेल्या गावातल्या मावशी उठल्या. “आमच्या ह्येंचं बी असंच हुतंय. तोंड बघ की तिचं, पांढरंफटक पडलंय,” म्हणत त्यांनी त्याच्या हातातला पेला काढून माझ्या तोंडाला लावला, वर गुळाचा खडा हातावर ठेवला.

रक्त तपासायचं तर बोटं गुळाने चिकट. तसंच टोचलं तर गुळाचीच साखर मोजली जाते आणि आकडा भलताच वर दिसतो. मावशींनी तांब्याने हात धुतले, पदराने एकेक बोट कोरडं केलं. ६१. मग पंधरा मिनिटं बसून राहायचं. कुडकुडत, मागून येणारे सगळे पुढे जाताना बघत. परत टोचलं, ९४. तो पोरगा अजूनही काकडीची फोड धरून उभा. “आता लई वाढली तर ओ?”

त्याला काय बोलणार! फॉर्मवर आजार, औषधं, रक्तगट, टी-शर्टचं माप सगळं लिहून घेतलं होतं. त्यातलं टी-शर्टचं माप तेवढं योग्य ठिकाणी पोचलं. मधुमेही धावपटू गोड मागतो तेव्हा आधी द्यायचं आणि मग विचारायचं, एवढं टेबलावरच्या पोरांना सांगायला किती वेळ लागतो?

उरलेली शर्यत बरीचशी चालत संपवली. वेळ विचारू नका.

दमलेले स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात, म्हणून दूध-भाकरी खाऊन झोपले. तरी अडीचला सेन्सरचा अलार्म कोकललाच. उशाशी ठेवलेलं सरबत पिऊन पुन्हा आडवी झाले.

सकाळी लॉजच्या मॅनेजरनी विचारलं, “रात्री कसला भोंगा वाजत हुता ओ?” मधुमेहाचा अलार्म, म्हटलं. त्यांनी समोरचा चहा उचलला, आत गेले आणि बिनसाखरेचा आणून ठेवला.