एका ओळीसाठी दोन दिवस

"सर, एका ओळीसाठी दोन-दोन दिवस कशाला घालवता?" परभणीत भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही मला हे विचारलं जातं. मी निवृत्त इतिहासशिक्षक. एखाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या नावावर भडक वाक्य फिरायला लागलं, की जुने विद्यार्थी ते मला पाठवतात आणि खाली लिहितात, 'खरंच म्हणालेत का?' माझं उत्तर लगेच जात नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एकदा ते लगेच गेलं होतं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. जयंतीच्या कमानीचे बांबू रस्त्याच्या कडेला येऊन पडले होते. एका विद्यार्थ्यानं मोटारसायकल थेट अंगणात घातली आणि गाडी चालू ठेवूनच मोबाइल माझ्यापुढे धरला. बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत, ही राज्यघटना जाळणारा पहिला माणूस मी असेन. तारीख नाही, ठिकाण नाही. "सर, गावातल्या ग्रुपवर टाकलंय. लोकं म्हणायलेत, तुमच्याच बाबासाहेबांना घटना नको होती." बोलताना त्याचा आवाज कापत होता. मी एकदा वाचलं आणि म्हणालो, "साफ खोटं आहे. खुशाल माझं नाव सांग."

त्यानं सांगितलं. रात्री मला झोप लागेना. मी काहीच तपासलं नव्हतं. ते खोटं असावं असं मला वाटत होतं, आणि तेवढ्यावर मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनानं इंग्रजी खंडांत छापली आहेत. त्यातला १५वा खंड संसदेतल्या भाषणांचा. इतका जाड, की टेबलावर ठेवूनच वाचावा लागतो. दुपार झाली तेव्हा ते पान सापडलं. २ सप्टेंबर १९५३, राज्यसभा, आंध्र राज्याच्या विधेयकावरची चर्चा. वाक्य तिथं होतं. माझे मित्र म्हणतात घटना मी केली, पण ती जाळायला सगळ्यांत आधी मीच पुढे होईन, मला ती नको, ती कुणालाच मानवत नाही, अशा अर्थाचं.

मी तसाच बसून राहिलो. मग मागची-पुढची पानं वाचली. भाषावार राज्यात एखादा मोठा समाज बाकीच्यांना दाबून टाकेल, ही त्यांची धास्ती होती. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालांना अधिकार हवेत, असा त्यांचा आग्रह होता. अल्पसंख्याकांना इजा करणं हीच सगळ्यांत मोठी हानी, हेही त्याच भाषणात आहे. आणि गोष्ट तिथं संपत नाही. १९ मार्च १९५५ ला चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत डॉ. अनुप सिंग यांनी त्यांना या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी वाक्य नाकारलं नाही, कारण सांगितलं. आम्ही देवासाठी देऊळ बांधलं. देव बसण्याआधीच सैतानानं त्याचा ताबा घेतला, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरं काय करणार? असुरांनी तिथं राहावं म्हणून आम्ही ते बांधलं नव्हतं. हा त्या उत्तराचा आशय.

म्हणजे ओळ खरी होती आणि ती पोस्ट लबाड होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे बत्तीस वर्षं इतिहास शिकवून मला त्या टेबलापाशी नीट कळलं.

याच्या उलटही असतं. मी शिक्षणानं इंग्रज, संस्कृतीनं मुसलमान आणि केवळ जन्माच्या अपघातानं हिंदू, हे वाक्य नेहरूंच्या तोंडी घातलेलं तुमच्याकडेही आलं असेल. ते नेहरूंचं नाही. ते त्यांच्यावर टीका करताना हिंदू महासभेचे ना. भा. खरे यांनी वापरलेलं वर्णन आहे. खऱ्यांचा नेहरूंवरचा लेख १९५९ च्या ज्या ग्रंथात आहे, त्याचं संपादन रफिक झकेरियांनी केलं होतं. तेच झकेरिया, जे पुढे आपल्या औरंगाबादमधून आमदार आणि मग मंत्री झाले. एका माणसानं दुसऱ्याबद्दल म्हटलेलं, कुणीतरी 'तो'च्या जागी 'मी' केलं, बस. आत्मचरित्रात नेहरूंनी स्वतःला पूर्व-पश्चिमेचं एक विचित्र मिश्रण म्हटलंय, कुठंच घर नसलेलं. त्यातली खंत त्या बनावट ओळीत औषधालाही नाही.

म्हणून मी आधी विचारतो, कुठं बोलले, कधी, आणि लिहून कुणी घेतलं? सभागृहातलं असेल तर बरं, तिथं लघुलेखक शब्द न् शब्द टिपतात आणि कार्यवाहीचा वृत्तांत छापला जातो. जाहीर सभेतलं असेल तर दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं, तीही एकापेक्षा जास्त. मराठी ओळ मूळची इंग्रजी असेल तर इंग्रजी पाहिल्याशिवाय मी बोलत नाही. आणि जी ओळ वाचून मला बरं वाटतं, तिच्यासाठी जास्त वेळ काढतो. ही माणसं आता स्वतः येऊन सांगू शकत नाहीत, की बाबांनो, मी असं म्हणालो नव्हतो, किंवा म्हणालो होतो पण पूर्ण ऐका. त्यांच्या वतीनं पान उघडून बघणं एवढंच आपल्या हातात आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी दोन्ही पानांच्या झेरॉक्स घेऊन विद्यार्थ्याच्या घरी गेलो. म्हणालो, "काल मी चुकीचं सांगितलं. ते म्हणाले होते." त्याचा चेहरा उतरला. ओट्यावर बसून त्यानं १९५३ चं पान वाचलं, मग १९५५ चं, अडलेले शब्द मला विचारत. आईनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. मग त्यानं ग्रुपवर लिहिलं की सरांनी काल सांगितलेलं चुकलं होतं, वाक्य खरं आहे, पण अर्धं आहे. खाली दोन्ही तारखा आणि दोन्ही उतारे पूर्ण टाकले.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ज्यानं मूळ पोस्ट टाकली होती, त्याचाच मेसेज आला, "पान कितवं?"