इतक्या जवळ उभं राहून दिसलं नाही?

"एवढे जवळ उभे होतात, तरी दिसलं नाही?" मी बास्केटबॉलचा रेफरी, हा प्रश्न मला वाशी-नेरुळकडच्या मैदानांवर मुलांच्या आया विचारतात, कोच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. मागे एकदा बाटल्या गोळा करणाऱ्या सहावीतल्या पोरानेही विचारला. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: जवळ होतो, म्हणूनच दिसलं नाही.

मी मूळचा ठाण्याचा, कबड्डीतला. कबड्डीत रेषेवर नजर पक्की बसली, पाय कुठे पडला ते टिपता आलं, की पंचाचं निम्मं काम होतं. बास्केटबॉलची शिट्टी गळ्यात आली तेव्हा तीच सवय घेऊन आलो. चेंडू जिथे, मी तिथे. शर्ट पिळता येईल इतका घाम आला की वाटायचं, आज मॅच झकास झाली.

मग कोपरखैरण्याला शाळांचा एक सामना होता. शेवटचं मिनिट, ले-अप, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन टाकलेला शॉट, मी दोन हातांवर. बचाव करणाऱ्या मुलीचा हात खाली आला, फट्कन आवाज झाला, मी फाउल दिला. त्याबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे शॉट, आत गेले आणि त्या मुलीचा संघ एका गुणाने हरला. नंतर एका बाईंनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला, मैदानाच्या पलीकडच्या बाजूने काढलेला. हात स्वच्छ चेंडूवर होता. मी बरोबर त्या मुलीच्या मागे उभा होतो. मला दिसली होती तिची पाठ, ऐकू आला होता आवाज, बाकीचं मी मनाने भरलं होतं. त्या बाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी मैदानावर एकच गोष्ट शोधतो: फट. चेंडूवाला आणि त्याला अडवणारा, या दोघांच्या मधली. ती दिसत असेल तर धक्का कोणी दिला, हात कुठे लागला, अडवणारा आधी जागेवर होता की नंतर घुसला, सगळं कळतं. दोघं आणि तुम्ही एका रेषेत आलात की फट मिटली, मग नाक लावून उभे राहा, काही उपयोग नाही. दहा पावलं पुढे धावण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरकणं कामाचं.

आमच्याकडे बहुतेक सामन्यांना दोनच रेफरी असतात. २८ बाय १५ मीटरचं मैदान, दहा खेळाडू, चार डोळे. एक जण पुढे एंडलाइनला, म्हणजे रिंगमागच्या रेषेला, तो लीड. दुसरा खेळाच्या मागे, तो ट्रेल. ट्रेलची नेहमीची चूक सांगतो. खेळाडू चेंडू घेऊन उजवीकडे घुसला की आपले पाय आपोआप त्याच्या मागे उजवीकडे निघतात, आणि आपण त्याच्या पाठीमागे अडकतो. पाऊल डावीकडे टाकायचं असतं, उलट दिशेला. हे शरीराला पटायला मला एक अख्खा मोसम लागला. सराव कुठे केला विचाराल, तर तुर्भे स्टेशनच्या फलाटावर. समोरासमोर येणारी दोन माणसं हेरायची, ती एकमेकांना घासून जातील तेव्हा मधली फट दिसेल अशा जागी आधीच जाऊन उभं राहायचं. ट्रान्स-हार्बरची गाडी उशिरा आली की सराव जास्त. लोक विचित्र नजरेने बघतात.

लीडचं दुखणं निराळं. तो बोर्डाच्या बरोबर खाली उभा राहतो, कारण तिथे 'सगळं जवळ' असतं. तिथून फक्त कमरा आणि कोपर दिसतात. रिंगच्या बाजूला, रेषेपासून थोडं मागे, खेळाडूंच्या आधी पोचून उभं राहावं. पळता पळता बघितलेलं हलत्या कॅमेऱ्यासारखं असतं. निर्णयाच्या क्षणी पाय थांबलेले हवेत.

पण मागे सरकायला जागा हवी ना! नियमात रेषेबाहेर दोन मीटर मोकळी जागा सांगितली आहे. आपल्याकडे त्या दोन मीटरमध्ये दप्तरं, डबे, छत्र्या आणि कोणाचे तरी आजोबा खुर्ची टाकून बसलेले असतात. म्हणून सामन्याआधी माझं पहिलं काम दप्तरं हलवणं. आजोबांना विनंती करतो, ते ऐकतातच असं नाही.

जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये हा खेळ काढला, तेव्हाच्या तेरा नियमांतच दोन पंच होते. रेफरीने चेंडू बघायचा, अंपायरने माणसं बघायची. मला ही वाटणी फार आवडते, कारण शॉट हवेत गेला की लीडने नेमकं तेच करायचं असतं. चेंडूचं ट्रेल बघेल, आपण रिबाउंडसाठी, म्हणजे न गेलेला चेंडू परत मिळवायला, झटणारे खांदे आणि कोपर बघायची. पण इतक्या वर्षांनीही शॉट सुटला की माझी मान वर जातेच. माझा जोडीदार मध्यंतरात पाणी पिता पिता म्हणतो, "वर काय बघत होतास? आत गेला की पोरं ओरडतातच."