मामा, माझं नाव नाहीये

15 जानेवारी 2026 ला नाशिकमध्ये महापालिकेचं मतदान होतं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे किंक्रांतीला. मी सकाळीच जाऊन आलो, चार बटणं दाबून (आमच्या प्रभागात चार निवडायचे असतात, आईला हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं), आणि बोटावर शाई म्हणून मार्करची रेघ घेऊन बहिणीकडे सिडकोत तिळगूळ खायला गेलो. भाचा सोफ्यावर लोळत मोबाईल बघत होता. झालं, मी सुरू. तुमच्या पिढीला काही पडलेलंच नाही, फक्त रील बघा वगैरे वगैरे. तो शांतपणे म्हणाला, मामा, माझं नाव नाहीये यादीत.

फॉर्म नसेल भरला, दुसरं काय, असं मी म्हणालो. तर तसं नव्हतं. या निवडणुकीला 1 जुलै 2025 ची यादी धरली होती आणि साहेबांना अठरा पूर्ण झाली ऑगस्टमध्ये. म्हणजे याने काहीही केलं असतं तरी मतदान करता आलंच नसतं. मला हे माहीतच नव्हतं, आणि लेक्चर मात्र मी देत होतो.

मग बसल्या बसल्या हिशोब केला. याच्या आधीची महापालिका निवडणूक झाली फेब्रुवारी 2017 मध्ये, तेव्हा हा नऊ वर्षांचा. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तिथून पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकच. हा आठवीतून थेट बारावीत गेला तरी शहरात 122 पैकी एकही नगरसेवक नाही! आपण लहानपणी बघायचो, नळाला पाणी नाही आलं की वडील तडक नगरसेवकाच्या घरी जायचे, बायका हंडे घेऊन जायच्या, ते बघूनच कळायचं की कुणाला जाब विचारायचा असतो. या पोरांनी ते बघितलंच नाही, त्यांच्यासाठी नगरसेवक म्हणजे फ्लेक्सवर वाढदिवस असलेला माणूस. आणि आपण म्हणतो यांना इंटरेस्ट नाही.

इंटरेस्ट आहे हो. नोव्हेंबरमध्ये तपोवनातल्या झाडांचं प्रकरण निघालं ना, 2027 च्या कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी 1,700 च्या वर झाडं काढायची नोटीस, तेव्हा हाच भाचा क्लास बुडवून दोन मित्रांसोबत तिकडे गेला होता. रात्री फोन. मामा, हरकत कशी लिहितात? स्टोरी टाकून झाली होती, पण पुढे काय करायचं ते कळेना. मी म्हटलं ये घरी. डायनिंग टेबलवर बसवून लिहून घेतलं, वरती प्रति, मग विषय, मग नोटिशीचा संदर्भ, खाली नाव पत्ता सही तारीख. पहिल्या ड्राफ्टमध्ये 'झाडं म्हणजे फुफ्फुसं' वगैरे निबंध होता, तो खोडायला लावला आणि म्हटलं तू स्वतः काय बघितलंस ते लिही. मग त्याने लिहिलं की अमुक ठिकाणी जुनं चिंचेचं झाड आहे, बुंध्याला आम्हा तिघांची मिठी पुरत नाही. मी ते तसंच ठेवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन प्रती काढ आणि दुसरीवर पोच घे. पोच म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. माझा स्वतःचा एक अर्ज मागे एका ऑफिसात 'आलाच नाही' झाला होता, तेव्हापासून मी शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलत नाही, कितीही 'ठेवून जा' म्हणू देत. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने शिक्क्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, घेतली पोच भो! तेव्हा तो अठरा पूर्ण होता खरं, पण सोबतचे दोघं सतराचे. त्यांनीही दिल्या हरकती. तिथे कुणी वय विचारलं नाही.

किंक्रांतीच्या दुपारी हे सगळं आठवलं आणि मी गपचूप लॅपटॉप मागितला. मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म 6 ऑनलाइन भरता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी फक्त 1 जानेवारी धरायचे, आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या एक तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण असली की आधीच अर्ज करून ठेवता येतो. त्याचा फोटो तीनदा अपलोड होईना, मोठा होता म्हणे. त्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं. बहीण किचनमधून ओरडली, आधी जेवा.

जेवता जेवता त्याने विचारलं, मामा, आता नगरसेवक आले ना, मग क्लासच्या गल्लीतले दिवे बंद आहेत ते यांनाच सांगायचं का? पोरी रात्री साडेनवाला तिथूनच जातात म्हणे. म्हटलं निकाल तर लागू दे उद्या, आणि अर्ज चारही नगरसेवकांच्या नावाने कर.

हात धुवून आला आणि म्हणाला, झेरॉक्सवाला उघडा असेल का आज?