एमएच बाराच्या गाड्या

‘कोरोनाच्या लशीला तुमच्या साताऱ्यात एवढ्या रांगा, मग २०२१ च्या पावसाळ्यात रुग्णही तुमच्याकडंच जास्त, असं कसं?’ लसीकरण केंद्रावर नोंदी करायला बसवलेला मास्तर म्हणून हा प्रश्न मला लग्नकार्यात अजून गाठतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

माझी ड्यूटी खंडाळा तालुक्यात होती. मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली, पण नोंदणी ऑनलाइनच. आमच्या पोरांना ओटीपी येईस्तोवर स्लॉट संपलेले असायचे. सकाळी आवारात गाड्या लागायच्या, एमएच बारा नाहीतर एमएच चौदा. खंबाटकी घाट चढायच्या आधीच केंद्र सापडलेली पुण्याकडची मंडळी. भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी मला विचारलं, “मास्तर, ही पावनी कुणाकडं आल्याती?” आजी तीन दिवस हेलपाटे घालत होत्या. पंचेचाळिशीपुढच्यांचा साठा आलाच नव्हता.

तर डोस साताऱ्याच्या खात्यात पडला, माणूस दुपारी जेवायला कोथरूडला. रुग्णाची नोंद मात्र त्याच्या राहत्या पत्त्यावर. लशीचा आकडा केंद्राचा, रुग्णाचा आकडा घराचा, आणि तुम्ही दोन्ही शेजारी मांडून मला कोडं घालता!

सगळं खापर पाहुण्यांवर फोडत नाही. मेच्या मध्यात कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. त्यामुळं जूनमध्ये ‘लस झालेली’ म्हणून मी ज्यांची नावं चढवली, त्यांतल्या बहुतेकांचा एकच डोस झालेला, आणि विषाणूच्या डेल्टा प्रकारापुढं एक डोस तोकडा पडत होता. त्यात आमच्याकडची लाट हटायला उशीर. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यानं बाकीचे जिल्हे सैल सोडले, तेव्हा निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही होते. माझा मेहुणा नंदुरबारचा दाखला देतो, तिथं लस कमी आणि रुग्णही कमी म्हणून. अहो, तिथली लाट आमच्या कितीतरी आधी येऊन गेलेली. ओसरल्या नदीचं पाणी मोजून काय कळणार?

आजींना पहिला डोस जूनमध्ये मिळाला. जुलैत घरातले चौघं पॉझिटिव्ह आले, त्यात आजीही. म्हणजे लशीच्या यादीत त्या आहेत आणि रुग्णांच्या यादीतही. सप्टेंबर संपता संपता दुसऱ्या डोसाला चालत आल्या आणि आधी दारातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा बघून घेतल्या.