मिळकत क्रमांकाचा रकाना

बाजाररस्ता सुधारायला लोकांची मतं गोळा करणार असाल, तर छापील नमुन्यात ‘मिळकत क्रमांक’ असा रकाना आहे का ते आधी बघा. असेल तर काढायला लावा. त्या एका रकान्याने आमचे अडीच महिने खाल्ले.

नमुना ‘हरकती व सूचना’चा, विकास आराखड्यासाठी केलेला, तोच उचलून रस्त्याला लावला होता. मिळकत क्रमांक घरपट्टीच्या बिलावर असतो आणि बिल येतं मालकाच्या नावे. आमच्याकडचे बहुतेक गाळे भाड्याचे नाहीतर पगडीचे. पथारीवाल्यांकडे मिळकत कुठून येणार? भाजीला येणाऱ्या बाया तर पलीकडच्या वस्तीतल्या. म्हणजे रस्ता दिवसभर वापरणारेच बाद. रकाना रिकामा म्हणून पालिकेच्या आवक-जावकच्या टेबलावरून अर्जांचा गठ्ठा परत यायचा, तोही तोंडी. कारण लेखी मागितलं की ‘साहेब मीटिंगमध्ये’.

शेवटी चाललं ते असं: एकच विनंतीपत्र, त्यावर एका गाळामालकाचा मिळकत क्रमांक, आणि बाकी सगळे अर्ज ‘सोबत जोडले आहेत’ म्हणून मागे. प्रत्येक पानाला क्रमांक, एकूण पानं पत्रातच लिहिलेली. पथारीवाल्यांच्या रकान्यात विक्री प्रमाणपत्राचा क्रमांक. ज्यांना तो मिळालेला नाही त्यांच्यापुढे जागेची खूण, ‘तिसऱ्या खांबाखाली, चपलांच्या दुकानासमोर’. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी लागतात, हे वाक्य पत्रात आल्यावर टेबलावरचा सूर नरमला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्याल तेव्हा आवक क्रमांक आणि तारीख तिथेच उभं राहून वाचा. मी दोनदा वाचली.



‘पार्किंग हवं का?’ असं विचारू नका, नको कुणीच म्हणत नाही. आज कसे आलात, किती वेळ थांबणार, किती दुकानांत जाणार, एवढंच विचारा. सोबत 11 ते 8 दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे टिपा. तोच आकडा सलग दहा वेळा आला, तर ती गाडी गिऱ्हाइकाची नसते. बहुधा गाळ्यातल्याच कुणाची असते. हे भर बैठकीत बोलू नका, दुकानात जाऊन एकेकट्याला सांगा.

दुकानदार बोलतात झाडलोट झाल्यावर, बोहनीच्या आधी नव्हे. पथारीवाले दुपारी 2 ते 4. बैठक व्यापारी संघाच्या हॉलमध्ये घेतलीत तर ते येणार नाहीत, रस्त्यावरच घ्या.

नकाशावर सगळे मान डोलावतात. म्हणून रस्त्यावर चुन्याची फक्की मारून फूटपाथची कड दाखवा. आयआरसी 103 या भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या मानकात व्यापारी भागासाठी चालायची रुंदी किमान अडीच मीटर धरली आहे. रेघ टेम्पो लागतो तिथून गेली की खरी हरकत निघते: माल कुठे उतरवायचा? सकाळी 10 च्या आत उतरवायचा, ही सूचना आम्हाला त्या रेघेवरच मिळाली. विजेच्या डीपीचे डबे आणि वर आलेली चेंबरची झाकणंही तेव्हाच दिसतात.

एक दिवस गाड्या बंद ठेवून पाहायच्या असतील, पुण्यात 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला तशा, तर दिवाळीचा आठवडा टाळा. नाहीतर विक्री रस्त्यामुळे वाढली की सणामुळे, यावरच भांडण.

आणि जमा करण्याआधी प्रत्येक अर्जाचा फोटो काढा. परत आलेल्या गठ्ठ्यात आमची सात पानं कमी होती.