तुम्ही विचारलंत म्हणून: सचिवपद का सोडलं?

‘तब्येत ठणठणीत, कुणाशी भांडण नाही, मग सचिवपद का सोडलंत?’ लग्नकार्यात भेटलेलं कुणीही हेच विचारतं. एकदाचं लिहूनच टाकतो.

आमची संस्था छोटी. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या आगेमागे आईबाप निघाले की मुलं आमच्याकडे येतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी जातात.

2023च्या मे महिन्यात मी टायफॉइडने आडवा झालो. चेकवर दोन सह्या, त्यात सचिवाची सक्तीची. हा ठराव 2009 साली मीच लिहिलेला, कारभार चोख राहावा म्हणून! स्वयंपाकाच्या मावश्यांचा एप्रिलचा पगार त्या चोखपणात अडकला. वर 31 मे तोंडावर. तोवर देणगीदारांची यादी फॉर्म 10बीडीत आयकर खात्याकडे भरावी लागते. चुकलं तर दिवसाला 200 रुपये विलंबशुल्क, आणि देणगीदारांची करसवलतीची प्रमाणपत्रंही अडतात. ओटीपी यायचा माझ्या मोबाइलवर, मोबाइल बायकोच्या पर्समध्ये, बायको खाली औषधांच्या रांगेत. आणि आमची हिशेब बघणारी पोरगी दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन, ‘काका, आला का हो?’

चौदा वर्षं मी भाषणांतून ‘संस्था व्यक्तीपेक्षा मोठी’ म्हणत होतो. ती माझ्या सिमकार्डाएवढी होती.

सोडायचं म्हटलं तरी कागद सुटत नाहीत. राजीनामा, ठराव, इतिवृत्त, नव्या सचिवाचं संमतिपत्र, मग 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल नोंदवण्याचा अर्ज. पुष्कळ जण हे टाळतात. काही संस्थांच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, स्वर्गवासी विश्वस्त अजून कारभार बघत असतात. आम्ही वेळेत भरला. सह्याही बदलल्या: तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या.

खरं जड गेलं ते पुढेच. नवी सचिव म्हणजे आमच्याच वसतिगृहाची जुनी अधीक्षिका. तिने पहिल्याच हंगामात किराण्यासाठी तीन दुकानांची दरपत्रकं मागवली. मी सगळी वर्षं एकाच दुकानातून उधारीवर भरत आलो होतो, दुकानदार माझा मित्र. तो घरी आला. ‘भाऊ, एक शब्द टाका की.’ मी चहा पाजला, पावसापाण्याचं बोललो. शब्द टाकला नाही, पण त्या रात्री झोपही लागली नाही. फोन दोनदा हातात घेऊन खाली ठेवला.

पुढच्या सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. इतिवृत्ताची प्रत हातात आली. नव्या दुकानाचं तेल डब्यामागे 85 रुपयांनी स्वस्त पडलं होतं. तिने हे मला आपणहून कधीच सांगितलं नव्हतं.