तोंड तिचं, गळा कोणाचा?

6 नोव्हेंबर 2025ची रात्र. मी मशीनवर बसून एका नाटकाच्या नायिकेच्या शालूला जरीचा काठ लावत होते. दिवाळी झाली की आमच्या वडसा भागात, म्हणजे गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत, नाटकांचा सीझन लागतो, आणि सीझन लागला की मला जेवायचीही फुरसत नसते. तेवढ्यात भाच्यानं मोबाईल पुढे केला. "मावशी, तुही सुलक्षणा गेली वं."

माझी सुलक्षणा म्हणजे हिंदी सिनेमातली नायिका आणि गायिका सुलक्षणा पंडित. मी तिला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण झाडीपट्टीत 11 सीझन नायिका केली, तेव्हा आमच्या ऑर्गनवाल्या मास्तरांनी तिचं 'बांधी रे काहे प्रीत' माझ्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की शेजारची म्हातारी म्हणायची, पोरीले दुसरं गाणं नाही का शिकवत? ते गाणं 1976च्या 'संकोच'मधलं, कल्याणजी-आनंदजींचं. त्यात काम तिचं आणि गाणंही तिचं. मास्तरांचं म्हणणं एवढंच, "थे बाई आपल्यासारखी आहे. सोताच करते, सोताच गाते."

आमच्याकडे दुसरी रीतच नाही. रात्री दहाला पडदा वर जातो, उजाडताना खाली येतो. समोर ऑर्गन-तबला, वर लोंबकळणारा माईक. दुसऱ्या अंकात सासूचा मार खाऊन पडायचं, रडायचं, आणि दम लागलेला असतानाच उठून बरोबर त्या माईकखाली येऊन सूर धरायचा. दोन पावलं इकडेतिकडे झाली की मागच्यांना ऐकू येत नाही, मग शिट्ट्या. त्यात थंडी अशी की शालूच्या आत मी स्वेटर घालायची.

शिवाय ती बाजूचीच वाटायची. जन्म 1954चा, छत्तीसगडातल्या रायगढचा. गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी धरा. दुर्ग, रायपूर, बिलासपूर, की पुढे रायगढ. घरात गाणंच गाणं : वडील प्रतापनारायण गाणारे, काका पंडित जसराज, आणि धाकटे भाऊ म्हणजे पुढचे जतीन-ललित. 1967च्या 'तकदीर'मध्ये तिनं लताबाईंबरोबर 'सात समुंदर पार से' गायलं. तेरा वर्षांची असेल. त्या वयात मी धानाच्या बांधीत चिखल तुडवत होते.

1975 तिचं वर्ष. 'उलझन'मध्ये संजीव कुमारची नायिका झाली आणि त्याच वर्षीच्या 'संकल्प'मधल्या 'तू ही सागर है तू ही किनारा'साठी तिला गायिकेचं फिल्मफेअर मिळालं. संगीत खय्यामांचं. आता मला बोचतं ते सांगते. 'उलझन'चं मुख्य गाणं एकदा किशोर कुमारच्या आवाजात आहे आणि एकदा बाईच्या. पडद्यावर ओठ हलतात सुलक्षणाचे आणि आवाज येतो लताबाईंचा. त्याआधी 1971च्या 'दूर का राही'त उलटं झालं होतं. 'बेकरार दिल तू गाए जा' गायली ही, पडद्यावर तनुजा. म्हणजे गळा चालला तेव्हा तोंड नाही, आणि तोंड चाललं तेव्हा गळा नाही! लताबाईंना नावं ठेवायची माझी ऐपत नाही. पण नायिका स्वतः अशी गाणारी असताना दुसरीला बोलवायचं, हे माझ्या खेड्यातल्या डोक्याला अजून पटत नाही.

संजीव कुमारनं लग्नाला नकार दिला, ती एकटी राहिली, तो गेला त्याच तारखेला बरोबर 40 वर्षांनी तीही गेली, हे त्या रात्री सगळ्यांनी लिहिलं. लिहू दे. गाण्याबद्दल दोन ओळी असत्या तर बरं झालं असतं.

खरं सांगायचं तर मीही एकदा नुसते ओठ हलवलेत. आठवा सीझन. रोज नाटक, रोज जागरण. पौषात गळा पूर्ण बसला. कंपनीला म्हटलं, दोन दिवस सुट्टी द्या. मालक म्हणाले, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी तिकिटं खपली आहेत, तू फक्त उभी राहा. विंगेत बसवली कोरसमधली एक पोरगी. सोळा-सतरा वर्षांची, पायात चप्पल नाही, हातात दुसरा माईक. ती गायली आणि मी ओठ हलवले. पहिल्या कडव्याला पुढच्या रांगेतून एक आजोबा ओरडले, "बाई इकडं, आवाज तिकडं कावून येते गा?" हशा झाला. पण पोरीनं दुसऱ्या कडव्यात असा काही सूर लावला की मंडप चिडीचूप. वन्समोर आला. मी पदर सावरून हात जोडले आणि पुन्हा ओठ हलवले.

मग बक्षिसं आली. माईकवरून प्रत्येक नोटेबरोबर पुकारलं गेलं ते माझं नाव. पहाटे मेकअप पुसताना मोजले तर 170 रुपये. ती पोरगी कोपऱ्यात पोतं अंगावर घेऊन झोपली होती. तिच्या उशाशी मी 50 ठेवले आणि उरलेले बटव्यात घातले.